घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचं बिल: जॉब शीटपासून वसुलीपर्यंत

घरोघरी आणि ऑफिसांत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला दुकान नसतं. पाटी नाही, काउंटर नाही. मशीन सुरू झालं, तुम्ही बॅग उचलून निघालात, की ग्राहकाकडे तुमच्या कामाचा एकच पुरावा राहतो, तो म्हणजे बिल. चार महिन्यांनी लॅपटॉप पुन्हा अडला की तेच कपाटातून किंवा मेलमधून शोधून काढलं जातं. ते वाचणारा माणूस मात्र काम चालू असताना तिथे होताच असं नाही. ग्राहकाची मुलगी असेल, ऑफिसचा अकाउंटंट असेल, विमा कंपनीचा माणूस असेल किंवा तुमच्यानंतर बोलावलेला दुसरा टेक्निशियन असेल. बिल लिहिताना हा न पाहिलेला वाचक डोळ्यांपुढे ठेवला की बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात: काय लिहायचं, किती लिहायचं आणि काय लिहायचंच नाही.

लोगो, रंग, किनार यांच्याबद्दल इथे फार काही सापडणार नाही. साध्या पांढऱ्या पानावरचं काळ्या अक्षरांतलं नीट बिल चालतं. रंगीत लोगोखाली ‘लॅपटॉप रिपेअर’ एवढंच लिहिलेलं बिल कुणाच्याच कामाचं नसतं.

बिलाआधी जॉब शीट

काम संपल्यावर आठवून आठवून बिल करायला बसलं की दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, मशीनचा सिरियल नंबर. दुसरी, ग्राहकाने नेमकी काय तक्रार सांगितली होती ती. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक पानी जॉब शीट भरायची. कागदावर भरा किंवा फोनवरच्या फॉर्ममध्ये, पण ग्राहकासमोर भरा.

आधी पैसे कोण देणार ते विचारा. दार उघडणारा, मशीन वापरणारा आणि बिल भरणारा ही तीन वेगवेगळी माणसं असू शकतात. ऑफिसचं काम असेल तर बिल कोणत्या नावाने हवं, पर्चेस ऑर्डरचा नंबर लागतो का आणि बिल कोणत्या मेलवर पाठवायचं हे तिथेच लिहून घ्या. ऑर्डर नंबर नसल्यामुळे महिनाभर अडकून पडलेली बिलं ऑफिसांत काही कमी नसतात.

मग मशीन: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर. लॅपटॉपचा नंबर बहुधा खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. स्टिकर घासला गेला असेल तर बायोसच्या (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) माहितीच्या पानावर पाहा. मॅकवर तो अ‍ॅपलच्या मेनूतल्या ‘अबाउट धिस मॅक’मध्ये दिसतो. त्याखाली बाहेरून दिसणारी अवस्था लिहा: बिजागरी सैल, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चीर, मागचे दोन स्क्रू नाहीत. फोटो काढायचे तर विचारून काढा. ‘ही चीर आधी नव्हती’ या वाक्याला उत्तर देण्याची वेळ आली, तर या दोन ओळींइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. मशीन सोबत नेणार असाल तर चार्जर, बॅग, माउस, पेनड्राइव्ह यांतलं काय नेलं तेही लिहा.

तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत उतरवा. ‘मध्येच अडकतो’ म्हणजे काय, याचा तुमचा निष्कर्ष वेगळ्या रकान्यात येईल. तुम्ही दुरुस्त केलेली गोष्ट आणि ग्राहकाला खुपत असलेली गोष्ट एकच होती का, ते पुढे बिलावर या दोन रकान्यांमुळेच दिसतं.

डेटाचा प्रश्नही इथेच विचारायचा. बॅकअप आहे का? कोणते फोल्डर गेले तर चालणार नाहीत? ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद, आहे का? विंडोजमध्ये बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं असं कुलूप) चालू असेल आणि तुम्ही मदरबोर्ड बदलला किंवा बायोसच्या सेटिंगला हात लावला, तर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती ग्राहकाकडे आहे याची खात्री आधी करून घ्या आणि शीटवर फक्त ‘की उपलब्ध, ग्राहकाकडे’ एवढंच लिहा. की किंवा पासवर्ड शीटवर उतरवायचा नाही, बिलावर तर नाहीच. पासवर्ड ग्राहकाने स्वतः टाकावा. मशीन घेऊन जायचं असेल तर तात्पुरता बदलून द्यावा.

शीटच्या तळाशी अंदाजे रक्कम आणि एक वाक्य: ‘खर्च यापुढे जाणार असेल तर काम थांबवून आधी विचारलं जाईल.’ त्याखाली सही. सही शक्य नसेल तर मेसेजवर आलेला होकारही चालतो, फक्त तो जपून ठेवा. बिल पाहून होणाऱ्या कुरबुरी बहुतेक वेळा रकमेमुळे नसतात. तो आकडा पहिल्यांदाच दिसतोय, याचा राग असतो.

अंदाज, कोटेशन, बिल आणि पावती

हे चार कागद एकमेकांत मिसळू देऊ नका. अंदाज म्हणजे ढोबळ आकडा, तो बदलू शकतो. कोटेशन म्हणजे ठरलेल्या कामाची ठरलेली किंमत. त्यावर ‘अमुक तारखेपर्यंत लागू’ असं लिहायलाच हवं, कारण रॅम आणि एसएसडीचे (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान ड्राइव्हचे) भाव स्थिर राहत नाहीत. बिल म्हणजे झालेल्या कामाची मागणी. पावती म्हणजे पैसे मिळाल्याची कबुली. जागेवरच पैसे मिळाले तर बिलावरच ‘पूर्ण रक्कम मिळाली’, तारीख आणि पैसे कसे मिळाले ते लिहून एका कागदावर भागवता येतं. उधारीच्या कामात मात्र पैसे मिळण्याआधी पावती देऊ नका, ग्राहक कितीही ओळखीचा असला तरी.

दर आधीच ठरलेले हवेत

बिलात ओळी लिहिण्यापूर्वी त्या ओळींमागचे नियम स्वतःशी पक्के करा आणि पहिल्या फोनवरच सांगा. घरी जाण्याच्या कामात चार जागी घोळ होतो.

व्हिजिट चार्ज. तो कशाचा असतो? जाण्यायेण्याचा, की पहिल्या अर्ध्या तासाच्या कामासकट? दोन्ही पद्धती चालतात. ग्राहकाला मात्र कोणती ते माहीत हवं. लांबच्या अंतरासाठी वेगळा दर असेल तर किती किलोमीटरनंतर, तेही ठरवा.

तपासणीचे पैसे. दोष सापडला, पण दुरुस्ती परवडत नाही म्हणून ग्राहक थांबला, तर काय? दोष शोधणं हेच या धंद्यातलं खरं कौशल्याचं काम आहे. ते फुकट दिलं की ग्राहकाला वाटतं, पैसे फक्त पार्टचे असतात. माझं मत असं: तपासणी वेगळी ओळ म्हणून लावा, आणि काम पुढे तुम्हालाच मिळालं तर ती रक्कम मजुरीत वळती करून तसं बिलावर दाखवा.

तासाने की कामाने? विंडोज नव्याने टाकताना निम्मा वेळ मशीनच काम करतं आणि तुम्ही टक्केवारी सरकताना पाहत बसता. अशा कामाला ठरावीक रक्कम बरी. जिथे कारण शोधायला किती वेळ लागेल हे सांगताच येत नाही, उदाहरणार्थ मधूनमधून तुटणारं वाय-फाय, तिथे तासाचा दर आणि वरची मर्यादा. तासाने लावताना किमान टप्पा सांगा, १५ मिनिटं किंवा ३० मिनिटं.

चौथी जागा म्हणजे दुसरी फेरी. पार्ट आणायला जाऊन परत आलात तर पुन्हा व्हिजिट चार्ज लागतो का? तीच तक्रार आठवड्यात परत आली तर? आणि पहिल्या कामाशी संबंध नसलेली नवी तक्रार निघाली तर? शेवटच्या दोहोंतला फरक जॉब शीटवरच्या तक्रारीच्या रकान्यावरून ठरतो.

क्रमांक आणि वरचा भाग

प्रत्येक बिलाला स्वतःचा क्रमांक, एकापाठोपाठ एक, मध्ये खंड नाही. वर्ष आणि त्यापुढे तीन अंक ही मांडणी सोपी पडते आणि वर्ष बदललं की पुन्हा ००१ पासून सुरू करता येते. बिल रद्द झालं तर तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. वहीत त्यापुढे ‘रद्द’ आणि कारण लिहायचं. दोघं टेक्निशियन वेगवेगळ्या घरी असताना बिलं करत असतील तर प्रत्येकाला क्रमांकाआधी एकेक अक्षर द्या, नाहीतर एकाच दिवशी दोन ०४७ तयार होतील.

वरच्या भागात तुमच्या व्यवसायाचं नाव, पत्ता, फोन, मेल, आणि कर-नोंदणी असेल तर तिचा क्रमांक. समोर ग्राहकाचं नाव-पत्ता. तारखा तीन: काम झालेली, बिलाची आणि पैसे देण्याची शेवटची. ‘१५ दिवसांत’ असं मोघम न लिहिता सरळ तारीख लिहा. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, यावर मग चर्चा होत नाही.

कामाच्या ओळी

बिलाचा जीव इथे आहे. एक नेहमीचं काम घेऊ: जुना लॅपटॉप, मंद झालेला, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. बऱ्याच बिलांवर हे असं दिसतं: ‘लॅपटॉप रिपेअर व एसएसडी, नग १’. त्याच कामाच्या ओळी अशा लिहिता येतात:

१. व्हिजिट आणि तपासणी. तक्रार: ‘सुरू व्हायला खूप वेळ लागतो, मध्येच अडकतो.’ आढळलं: हार्ड डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) खराब सेक्टर.
२. नवीन एसएसडी, ५०० जीबी, २.५ इंची साटा, कंपनी व मॉडेल, सिरियल नंबर. नग १. विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दिसेल.
३. जुन्या डिस्कवरचे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि फोटो हे फोल्डर नव्या ड्राइव्हवर घेतले. ४ फाइली वाचता आल्या नाहीत, त्यांची यादी मेलने दिली.
४. विंडोज नव्याने टाकलं (मशीनसोबतचाच परवाना), ड्रायव्हर आणि अपडेट, प्रिंटर जोडून चाचणी पान काढलं.
५. जुनी हार्ड डिस्क ग्राहकाला परत दिली. शुल्क नाही.
६. बॅटरी फुगलेली आढळली. वापर थांबवून ती बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने आज बदलली नाही. शुल्क नाही.

दुसऱ्या ओळीतलं ४६५ जीबी जास्तीचं वाटेल. पण ड्राइव्ह बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या घातांनी मोजतं. त्यामुळे ५०० जीबीच्या ड्राइव्हवर सुमारे ४६५ आणि १ टीबीच्या ड्राइव्हवर सुमारे ९३१ दिसतात. ग्राहकाच्या दृष्टीने तुम्ही कमी माल दिलेला असतो. ही ओळ बिलावर असली की त्याबद्दलचा फोन येत नाही.

सिरियल नंबर दोन्ही बाजूंनी कामाला येतो. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून घ्यायचा तर तो लागतोच, शिवाय तुम्ही बसवलेला पार्ट हाच का, हेही त्यावरून कळतं. बसवण्याआधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मशीनचं झाकण पुन्हा लावल्यावर स्टिकर वाचायला सगळं उघडावं लागतं.

तिसऱ्या ओळीत ‘सगळा डेटा घेतला’ असं लिहिलेलं नाही, याकडे लक्ष द्या. ‘सगळा’ हा शब्द बिलावर महाग पडतो. काय घेतलं ते नावानिशी लिहावं आणि जे मिळालं नाही तेही. हाच न्याय ‘व्हायरस काढला’ या ओळीला. अमुक प्रोग्रामने पूर्ण स्कॅन केला, इतक्या फाइली काढल्या, नंतरच्या स्कॅनमध्ये काही आढळलं नाही, हे तुम्हाला माहीत असतं. मशीन आता पूर्ण सुरक्षित आहे, हे कुणालाच माहीत नसतं. ‘फास्ट केलं’पेक्षा ‘सुरू व्हायला आधी ३ मिनिटं, आता २५ सेकंद’ हे चांगलं, कारण ते ग्राहकाला स्वतः मोजून बघता येतं.

शुल्क नसलेल्या ओळी टाळू नका. जुनी डिस्क परत दिल्याची नोंद म्हणजे त्यावरचा डेटा आता तुमच्या ताब्यात नाही याचा पुरावा. फुगलेली लिथियम बॅटरी आगीचं कारण ठरू शकते. तुम्ही सांगितलं होतं आणि ग्राहकाने थांबायचं ठरवलं, हे लिखित असणं दोघांच्याही हिताचं.

आता न लिहायच्या गोष्टी. मशीनवर काय सापडलं, कोणत्या साइटवरून व्हायरस आला, परत मिळवलेल्या फाइलींची नावं काय होती, हे बिलावर येऊ देऊ नका. बिल कुटुंबात फिरतं, ऑफिसात फिरतं. ग्राहकाला तांत्रिक तपशील हवा असेल तर तो वेगळ्या मेलने, फक्त त्यालाच.

पार्ट आणि वॉरंटी

पार्ट कोणत्या जातीचा आहे ते स्पष्ट शब्दांत लिहा: कंपनीचा मूळ, दुसऱ्या कंपनीचा पण जुळणारा, की वापरून दुरुस्त केलेला. तिन्ही विकण्यात गैर काही नाही. लपवलं तर गैर. ग्राहकाने स्वतः पार्ट आणला असेल तर ‘पार्ट ग्राहकाचा, फक्त बसवण्याची मजुरी, पार्टवर आमची वॉरंटी नाही’ असं लिहायला विसरू नका. ऑनलाइन स्वस्तात घेतलेली रॅम महिन्याने गेली की बोट तुमच्याकडेच वळतं.

‘१ वर्ष वॉरंटी’ हे अर्धवट वाक्य आहे. पार्टवर ती त्या कंपनीची असते, तिच्या अटींनुसार. एसएसडीच्या बाबतीत बऱ्याच कंपन्या वर्षांसोबत एकूण किती डेटा लिहिला जाईल याचीही मर्यादा घालतात आणि दोहोंपैकी जी आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. तुमच्या मजुरीवरची वॉरंटी वेगळी. समजा ३० दिवस, आणि ती केलेल्या कामापुरतीच. सॉफ्टवेअर, नवा व्हायरस, सांडलेलं पाणी, पडझड किंवा दुसऱ्याने उघडलेलं मशीन यांना ती लागू नाही. वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत ते प्रत्येक ओळीसमोर लिहा. वॉरंटीच्या कामाला आलात तर व्हिजिट चार्ज लागेल की नाही, हेही. बहुतेक भांडणं याच एका मुद्द्यावर होतात आणि बहुतेक बिलं त्यावर गप्प असतात.

पार्ट ज्याच्याकडून घेतला त्याचं बिल तुमच्या फायलीत, तुमच्या बिलाचा क्रमांक त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. ग्राहकाला ते द्यायची गरज नाही. पार्ट निवडणं, आणणं आणि त्याची जबाबदारी घेणं याचा मोबदला तुमच्या किमतीत असतो.

सूट, कर, अ‍ॅडव्हान्स, बेरीज

सूट द्यायची तर आकडे आतल्या आत कमी करू नका. पूर्ण रक्कम लिहा, खाली सूट वेगळ्या ओळीत दाखवा, कारणासकट. नाहीतर सवलतीचा दर हाच तुमचा नेहमीचा दर ठरतो आणि पुढच्या वेळी तोच मागितला जातो.

कराचा पहिला प्रश्न: तुमची कर-नोंदणी आहे का? नसेल तर बिलावर कराची ओळ घालायचीच नाही. ग्राहकाकडून करापोटी पैसे घ्यायचा अधिकार नोंदणीनंतरच येतो. नोंदणी असेल तर बिलावर कोणते तपशील सक्तीचे, मजुरी आणि पार्टला दर कोणता, हे जिथे धंदा करता तिथल्या कायद्यानुसार कर-सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या आणि ते नमुन्यात कायमचे बसवा.

हिशेबात एक चूक सर्रास दिसते. ग्राहकाला करासकट १२०० ही रक्कम सांगितली आहे आणि दर सोयीसाठी २० टक्के धरू. कर किती? अनेकजण १२०० चे २० टक्के काढून २४० लिहितात. बरोबर उत्तर २००, कारण मूळ रक्कम १००० आहे. करासकट रकमेला १.२० ने भागायचं, मग वजाबाकी.

अ‍ॅडव्हान्स कर धरून झालेल्या एकूण रकमेतून वजा करा, आधी नाही. तो कधी आणि कसा मिळाला तेही त्याच ओळीत. मग सगळ्यात खाली, सगळ्यात ठळक: बाकी देणे. ग्राहकाची नजर आधी तिथेच जाते. त्याला शोधायला लावू नका.

नमुना तयार करताना

बिलाचं सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप वापरत असाल तर हा भाग सोडून द्या. पण महिन्याला मोजकी बिलं असतील तर स्प्रेडशीट पुरते, काही खाचखळगे चुकवले तर.

तारखेच्या जागी ‘टुडे’ हे फंक्शन घालू नका. फाइल जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा त्या दिवसाची तारीख दिसेल आणि मार्चचं बिल ऑगस्टमध्ये ऑगस्टचं होऊन बसेल. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हीकडे कंट्रोल धरून अर्धविरामाची कळ दाबली की आजची तारीख कायमची बसते.

बिल क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर ००७ चा नुसता ७ होतो.

पूर्णांकनाकडे लक्ष द्या. पडद्यावर दोनच दशांश दिसतात, पण आत लांबलचक आकडा असतो, आणि बेरीज त्या आतल्या आकड्यांची होते. मग ग्राहक कॅल्क्युलेटरवर ओळी मिळवतो आणि शेवटच्या अंकात एकाचा फरक येतो. रक्कम क्षुल्लक, पण बिलावरचा विश्वास जातो. कराच्या प्रत्येक ओळीत ‘राउंड’ फंक्शन वापरा.

नमुना टेम्पलेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे दरवेळी नवी प्रत उघडेल. मागच्या ग्राहकाची फाइल उघडून नाव बदलायची सवय फार धोक्याची. कुठेतरी जुना सिरियल नंबर किंवा जुना पत्ता राहतोच आणि एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या हातात जाते.

बिल मराठीत किंवा अन्य भारतीय भाषेत करत असाल तर टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर नुसती चिन्हं होऊन दिसतो.

अटी

तळाशी चार-पाच ओळी पुरेत: पैसे देण्याची मुदत, वॉरंटीची व्याप्ती, तक्रार किती दिवसांत कळवायची, न नेलेलं मशीन किती दिवस सांभाळलं जाईल. यापुढे जाऊन बारीक अक्षरांत परिच्छेद छापले तरी कुणी वाचत नाही.

डेटा गमावण्याच्या जबाबदारीची अट फक्त बिलावर असून उपयोग नाही, हे मुद्दाम सांगतो. बिल काम झाल्यावर मिळतं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ती अट जॉब शीटवर, सहीच्या वर, कामाआधी वाचून दाखवलेली हवी. बिलावर फक्त ‘जॉब शीट क्रमांक अमुकच्या अटी लागू’ एवढं लिहा.

पाठवणं आणि पैसे घेणं

बिल पीडीएफमध्येच पाठवा. स्प्रेडशीट पाठवली तर आकडे बदलता येतात, आणि समोरच्याच्या फोनवर रकाने तुटून दिसतात ते वेगळंच. पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर एकदा उघडून पाहा. बहुतेक ग्राहक ते तिथेच वाचणार आहेत.

बॅगेत ५८ किंवा ८० मिलिमीटरचा छोटा थर्मल प्रिंटर ठेवणं सोयीचं, पण थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने, उजेडाने आणि प्लास्टिकच्या संपर्काने फिकी होतात. वर्षभराची वॉरंटी असलेलं बिल सहा महिन्यांत कोरं झालं तर काय करणार? छापील दिलं तरी पीडीएफ पाठवाच.

बिलावर पैसे देण्याचा क्यूआर कोड छापणार असाल तर त्याभोवती चारही बाजूंनी पांढरी मोकळी जागा ठेवा. क्यूआरच्या मानकानुसार ती त्याच्या छोट्या चौकोनांच्या मापाने किमान चार चौकोन हवी. किनार किंवा मजकूर त्यात घुसला की कोड वाचला जात नाही आणि ग्राहक ‘नंतर पाठवतो’ म्हणतो. कोडाखाली तो स्कॅन केल्यावर दिसणारं नावही छापा.

ऑफिसच्या ग्राहकांसाठी आणखी एक ओळ: ‘आमच्या बँक खात्याचे तपशील मेलवरून बदलले जाणार नाहीत. तसा मेल आल्यास फोन करून खात्री करा.’ खोट्या मेलने खातं बदलायला सांगून बिलाचे पैसे वळवण्याचा प्रकार सगळीकडे चालतो, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्याच नावाने तो झाला तर शोभा होते.

बाकी वसूल करताना

मुदतीच्या दोन दिवस आधी एक आठवण, मुदत संपल्यावर दुसरी, आठवड्याने फोन. मेसेजमध्ये बिल क्रमांक, रक्कम, तारीख आणि पीडीएफ पुन्हा जोडलेली हवी. असा:

‘नमस्कार, आपल्या लॅपटॉपच्या कामाचं बिल क्र. ०४७ सोबत जोडलं आहे. बाकी रक्कम देण्याची तारीख काल होती. पैसे पाठवले असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा. बिलातल्या एखाद्या ओळीबद्दल शंका असेल तर फोन करा.’

शेवटचं वाक्य नुसतं सौजन्याचं नाही. पैसे अडलेले असतात तेव्हा बऱ्याचदा मनात एखादी शंका असते आणि ती विचारायला ग्राहक संकोचतो.

पाठवून झालेल्या बिलात चूक सापडली तर त्याच क्रमांकाने दुरुस्त प्रत गुपचूप पाठवू नका. दोन वेगळ्या रकमांची एकाच क्रमांकाची बिलं फिरायला लागली की अकाउंटंट दोन्ही बिलं बाजूला काढून ठेवतो. रक्कम जास्त लागली असेल तर मूळ बिलाचा उल्लेख करून क्रेडिट नोट (तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) द्या. सगळंच चुकलं असेल तर ते रद्द करून नव्या क्रमांकाचं बिल करा आणि त्यात जुन्याचा संदर्भ लिहा. नोंदणीकृत व्यवसायाला याचेही नियम असतात, ते पाळा.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग बिल क्रमांक आणि ग्राहकाचं नाव ठेवा. फोल्डरमध्ये सगळं आपोआप तारखेच्या क्रमाने लागतं. पीडीएफसोबत जॉब शीट, स्टिकरचे फोटो आणि पार्टचं खरेदी बिल एकाच फोल्डरात. या फोल्डरचा बॅकअप दुसऱ्या जागी, आणि तो उघडतो का ते अधूनमधून बघा. लोकांना बॅकअप सांगणाऱ्याच्याच नोंदी गेल्या तर काय सांगणार?

एक नोंदवही किंवा शीट वेगळी: क्रमांक, तारीख, ग्राहक, रक्कम, मिळाले, बाकी, वॉरंटी संपण्याची तारीख. महिन्याच्या शेवटी ती वरपासून खालपर्यंत वाचा. क्रमांकात खंड पडलाय का, ‘बाकी’च्या रकान्यात जुनं काय राहिलंय आणि कोणत्या पार्टची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय, हे तीन रकाने पाहिले की पुढच्या महिन्याचे पहिले फोन कुणाला करायचे ते ठरतं.